पाणी बदला हो, टाकी बिघडत नाही

नवीन फिशटँक घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "पाण्याला अजिबात हात लावू नका, सायकल व्हायची आहे." आणि दुसरा, "दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून स्वच्छ घासून काढा." पहिला सल्ला थोडंफार वाचलेल्यांचा, दुसरा अजिबात न वाचलेल्यांचा. माझं स्पष्ट मत असं की या दोन्ही सल्ल्यांनी मासे मरतात. त्यातही पहिल्याचा मला जास्त राग येतो, कारण तिथे मालक टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेला असतो, मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असतो, आणि मालक शहाणपणाने हात बांधून म्हणत असतो, "सायकल चालू आहे."

गेल्या काही महिन्यांत तीन ओळखीच्या घरांत हे घडलेलं पाहिलं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. मत्स्यप्रेमी ब्लॉगमित्रांना यातलं बरंच ठाऊक असेल, त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालतील. पण आमचे काका-मामा-मावशी कंपनीही हे पान वाचते, आणि त्यातल्या निम्म्या घरांत दिवाळीला किंवा कुणाच्या वाढदिवसाला काचेची टाकी आलेली आहे, तेव्हा त्यांच्यासाठी मुळापासून.

तर ही सायकल दोन चाकांची नव्हे. मासा खातो, श्वास घेतो आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि तळाशी पडलेले दाणे कुजूनही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात हे प्रचंड पाण्यात विरून जातं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत हिशेबाने ५६ लिटर पाणी मावतं. खाली खडी घातली आणि वर चार बोटं जागा सोडली की उरलं पन्नासच्या आतबाहेर. म्हणजे तीन बादल्या आणि वर थोडं. त्यात मासा स्वतःच्याच अमोनियात पोहत असतो.

मग जुन्या टाकीतले मासे कसे जगतात? तर तिथे दोन प्रकारचे जिवाणू कामाला असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही साखळी टाकीत उभी राहणं म्हणजे सायकल होणं. यातले जिवाणू फार संथ वाढतात. दह्याचे जिवाणू एका रात्रीत पातेलं लावून टाकतात, हे लोक चार ते सहा आठवडे घेतात.

आता कळीची गोष्ट. हे जिवाणू राहतात कुठे? फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर, झाडांच्या पानांवर. पृष्ठभागाला चिकटून, बुळबुळीत थर करून. पाण्यात सुटे तरंगणारे अगदी थोडे. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. तुम्ही मगाने एक बादली पाणी काढलंत तर अमोनिया काढलात, नायट्राइट काढलंत. जिवाणू जिथे होते तिथेच आहेत. उलट, पाण्याला हात न लावता फक्त स्पंज नळाखाली खसाखसा धुतलात तर पाणी तेच राहिलं आणि कामगार मात्र सगळे गेले.

मला वाटतं घोळ आपल्या भाषेतच आहे. आपण म्हणतो "पाणी तयार होऊ दे", "पाणी सेट होऊ दे", "पाणी मुरू दे". लोणचं मुरतं, पीठ आंबतं, दही लागतं, तसं पाणीही काहीतरी होत असावं अशी आपली समजूत. आणि मुरणाऱ्या बरणीला मध्येच हात लावायचा नसतो हे आजीपासून शिकलेलं. पण टाकीत पाणी मुरत नाही. पाणी हा नुसता रस्ता आहे. मुरतो तो स्पंज आणि ती खडी. हे मुरवणं लवकर व्हावं असं वाटत असेल तर त्याला विरजणही मिळतं. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी ओलीच आणून आपल्या फिल्टरमध्ये टाकायची. महिन्याचं काम पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांत होतं. जुन्या टाकीतलं बादलीभर पाणी आणून मात्र फारसं काही साधत नाही. कारण तेच, विरजण पाण्यात नसतं.

जाता जाता एक गंमत. या जिवाणूंची नावं शास्त्रज्ञांनाही पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियावर जगणारे जिवाणू पहिल्यांदा वेगळे काढले. पुढे कित्येक वर्षं मासे पाळण्याच्या पुस्तकांत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं छापलं जायचं. १९९० च्या दशकात लक्षात आलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो. २००५ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून असा सूक्ष्मजीव मिळाला जो जिवाणूही नाही, आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातला आहे, आणि तरी अमोनियावर जगतो. आणि २०१५ साली कळलं की काही नायट्रोस्पायरा एकटेच दोन्ही पायऱ्या उरकतात. नावं बदलली तरी घरच्या टाकीपुरता धडा तोच राहिला. बिऱ्हाड स्पंजात आणि खडीत.

आता "हात लावू नका" वाल्यांचा युक्तिवाद ऐकू, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, पाणी बदललं की अमोनिया कमी होतो, अमोनिया हे जिवाणूंचं अन्न, अन्न कमी म्हणजे वाढ कमी, म्हणून सायकल लांबते. यात थोडं तथ्य आहे, लांबत असेलही काही दिवस. पण टाकीत मासे असताना अन्न संपत नाही. मासा रात्रंदिवस अमोनिया सोडतोच आहे. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. अमोनिया पाव-अर्ध्या पीपीएमवर राखला तरी जिवाणूंना जेवण मिळत राहतं. शेवटी त्यांची वस्ती किती मोठी होणार हे रोज किती अमोनिया तयार होतो त्यावर ठरतं, साठा किती करून ठेवलाय त्यावर नाही. मग चार दिवस वाचवण्यासाठी माशाचे कल्ले भाजायचे का, एवढाच प्रश्न उरतो. माझं उत्तर, नाही.

मुळात हा सल्ला आला कुठून तेही बघा. मासे न घालता सायकल करायची एक पद्धत आहे. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवायचा, बाहेरून थोडा अमोनिया घालायचा, साधारण दोन पीपीएमपर्यंत, आणि जिवाणू वाढायची वाट बघायची. तिथे कुणी जीव नाही, तेव्हा पाणी न बदलणं ठीकच आहे. शेवटी एकदा भरपूर पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढायचं आणि मग मासे आणायचे. ही पद्धत मला सगळ्यांत पसंत. पण लोकांनी तिथला नियम उचलून मासे असलेल्या टाकीला लावला. औषध बरोबर, रोगी दुसराच!

मावसबहिणीकडे गेल्या पावसाळ्यात हेच झालं. दुकानदाराने सांगितलं, "एक दिवस पाणी भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी मासे सोडा, आणि महिनाभर पाणी बदलू नका." चार छोटे गोल्डफिश. सहाव्या दिवशी एक गेला आणि उरलेले तीन पाण्याच्या वरच्या थरात लटकलेले. तिची नऊ वर्षांची मुलगी फोनवर रडवेली. मी म्हटलं, आधी आईला सांग अर्धं पाणी बदल. तर ती म्हणाली, "पण मामा, मग चांगले जंतू पण जातील ना?" नऊ वर्षांच्या मुलीला सायकल माहीत होती बरं का! कुणीतरी शिकवली होती, पण अर्धीच. संध्याकाळी मी चाचणीचं किट घेऊन गेलो. तोवर अर्धं पाणी बदलून झालं होतं, तरी अमोनिया १ पीपीएम. म्हणजे सकाळी २ च्या आसपास असणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं बदललं, मग रोज एक बादली. दाणे एक दिवसाआड, अगदी चिमूटभर. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढलं, बादली चालूच. साधारण चाळिसाव्या दिवशी दोन्ही शून्य. पाणी महिनाभर रोज बदलूनही सायकल झाली. तिन्ही मासे ठणठणीत आहेत.

पण मला लिहायचंय ते त्या चौथ्या माशाबद्दल. तो गेला तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "जाऊ दे, घरावरचं काहीतरी संकट घेऊन गेला बिचारा." ही समजूत आता फार पसरली आहे. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा, मेला की संकट टळलं समजायचं आणि नवीन आणायचा. आजींचा हेतू वाईट नव्हता, नातीची समजूत काढायची होती. तरीही मला हे वाक्य पटत नाही. या वाक्याने प्रश्न विचारणं बंद होतं. मासा का मेला हे मग कुणी बघतच नाही. संकट वगैरे काही नव्हतं हो, अमोनिया होता. आणि तो एका बादलीने कमी होण्यासारखा होता.

गोल्डफिश दोन-तीन आठवडेच टिकतो असं आपल्याकडे कितीतरी घरांत धरून चालतात. वास्तविक नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश होता, १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला. तो १९९९ साली मेला, त्रेचाळीस वर्षांनी! आपल्या मुलांना मात्र आपण शिकवतो की मासे मरतातच, चला दुसरा आणू. मुलं हे फार पटकन शिकतात.

बरं, पाणी बदलायचं म्हणजे कसं? थोडक्यात सांगतो.

आधी मोजायचं. अमोनिया आणि नायट्राइटचं किट माशापेक्षा कितीतरी पट महाग पडतं आणि म्हणूनच लोक घेत नाहीत. तीस-चाळीस रुपयांच्या माशासाठी एवढं कशाला, असा हिशेब. पण ते किट एका माशासाठी नसतं, पुढच्या दहा वर्षांसाठी असतं. टाकीत मासे असतील तर अमोनिया किंवा नायट्राइट अर्ध्या पीपीएमवर गेलं की पाणी बदला. पाव भाग बदललात तर विष पावानेच कमी होतं, अर्धा बदललात तर निम्म्याने. साधं तिसरीचं गणित आहे. तेव्हा आकडा फार चढला असेल तर "दहा टक्के बदललं" म्हणून समाधान मानू नका.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र काढलंच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं अशी अपेक्षा असते. ते आपल्या पोटासाठी चांगलं, कल्ल्यांसाठी आणि जिवाणूंसाठी वाईट. अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला, किंवा पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा. स्पंज अगदीच तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्या, नळाखाली नको.

दुसरं म्हणजे पाण्याचा पीएच. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का खरा विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. त्यामुळे जिथे बोअरचं पाणी आहे, पीएच चढा आहे, तिथे त्याच आकड्याला जास्त घाबरायचं. उलट धरणाच्या मऊ पाण्यात वेगळाच त्रास. सायकल चालू असताना जिवाणू पाण्यातला क्षार खात जातात, पीएच घसरतो आणि फारच घसरला तर जिवाणूच काम थांबवतात. तिथे ताजं पाणी घातल्याने क्षार परत येतो आणि अडलेली सायकल पुढे सरकते. म्हणजे "पाणी बदललं की सायकल थांबते" याच्या नेमकं उलट!

नायट्राइट चढलं असेल तर दहा लिटरला एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. नायट्राइटमुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, रक्त तपकिरी पडतं. मिठातलं क्लोराइड त्या नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण मीठ म्हणजे पाणी बदलण्याला पर्याय नव्हे, जोडीला आहे.

आणि फिल्टर रात्री बंद करू नका. "आवाज होतो", "बिल येतं" म्हणून लोक बंद करतात. जिवाणूंना प्राणवायू लागतो. गावाकडे तासन्‌तास वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ असू द्या.

आता एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे, तो पाण्याचा. ज्या गावात उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी येतं, तिथे "रोज एक बादली माशांना" हे सांगायला माझीही जीभ अडते. त्यावर दोन गोष्टी सांगेन. एक, काढलेलं पाणी वाया जात नाही. कुंड्यांना, तुळशीला घाला, त्यातलं नायट्रोजन झाडांना खतच आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जिथे पहिला महिना रोज बादलीभर पाणी देणं शक्य नसेल, तिथे आधी मासे आणूच नयेत. रिकामी टाकी सायकल करायला रोज पाणी लागत नाही. शेवटी एकदा लागतं. पाणीटंचाईचं उत्तर माशाला घाणीत ठेवणं हे नसून माशाला उशिरा आणणं हे आहे.

खरी अडचण तिथेच आहे म्हणा. घरात टाकी आली, दिवा लागला, बुडबुडे सुटले आणि आत मासा नाही, हे कुणालाच सहन होत नाही. मुलांना तर नाहीच. दुकानदारालाही टाकी आणि मासे एकाच पिशवीत विकायचे असतात. पण हा महिना मुलांबरोबर छान घालवता येतो. आज अमोनिया किती, उद्या किती, नायट्राइट कधी दिसलं, वहीत लिहायचं, रंग जुळवायचे. आमच्या भाचीची वही बघा एकदा, शाळेच्या वहीपेक्षा नीट आहे.

तेव्हा मंडळी, या वर्षी कुणाला फिशटँक भेट देणार असाल तर टाकी द्या, फिल्टर द्या, किट द्या, आणि मासे महिन्याने देईन अशी चिठ्ठी द्या. आणि मासे आधीच आले असतील तर आज संध्याकाळी एक बादली भरून ठेवा. उद्या सकाळी ती टाकीत घालायची आहे.